कांजिण्या आणि नागीण

गेल्या वर्षीं फेब्रुवारीच्या अखेरीस, वार्षिक परीक्षा अगदीं तोंडावर आली असतां, आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी एकाएकीं शाळेंत यावयाचा थांबला. त्याचें बिऱ्हाड लालबागच्या एका जुन्या चाळींत आहे. चौकशी करतां कळलें कीं, त्यापूर्वीं सुमारें पंधरवड्यावर त्याच्या आजीच्या कमरेवर नागीण उठली होती. आजीचा हात मागें पोंचत नसे. म्हणून हा नातू रोज सायंकाळीं शाळेंतून घरीं गेल्यावर वाटींत गेरू कालवी व आपल्या बोटानें तो तिच्या फोडांवर लावी. आतां त्याच्या स्वतःच्याच सर्वांगावर फोड आले होते. ‘म्हातारीची नागीण पोराला लागली,’ असा चाळभर बोभाटा झाला आणि शेजारच्या मुलांना त्या खोलीवरून जाण्याचीही बंदी झाली.

ह्या प्रकरणीं आमच्याकडूनही एक चूक घडली होती, ती प्रथमच सांगून टाकलेली बरी. आजी आजारी पडली तेव्हां त्या मुलानें आम्हांस विचारलें होतें, “सर, नागीण लागते का हो?” आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें उत्तर दिलें, “नागीण कोणाची कोणाला लागत नाहीं. तूं खुशाल आजीची सेवा कर.” आमचें उत्तर खोटें नव्हतें, परंतु तें अर्धेंच खरें होतें, आणि आजाराच्या बाबतींत अर्धें सत्य कित्येकदां असत्याहून अधिक अपाय करतें. राहिलेलें अर्धें सत्य आम्हीं त्यानंतर शिकलों. तेंच आज आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम नांवांचा विचार करूं. आपल्याकडे अंगावर फोड उठविणाऱ्या तीन दुखण्यांचीं नांवें घरोघर ऐकूं येतात : देवी, कांजिण्या व नागीण. पैकीं देवीचा रोग आतां पृथ्वीवरून नाहींसा झाला आहे. त्या विजयाच्या इतिहासांत आपल्या मुंबईचें नांव आरंभींच येतें. इंग्लंडांत जेन्नर ह्यानें १७९६ सालीं गोस्तनदेवी टोचण्याचा प्रयोग केला. ती लस बगदाद व बसरा ह्या मार्गानें हिंदुस्थानांत आली, आणि १४ जून १८०२ रोजीं येथेंच, मुंबईंत, ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यांत आली. ह्या देशांत यशस्वीपणें देवी टोचलेली ती पहिली व्यक्ति होय. पुढें पावणेदोनशें वर्षांच्या प्रयत्नानें भारतांतील देवीचा शेवटचा रोगी १९७५ सालीं आढळला, आणि ८ मे १९८० रोजीं सर्व जग देवीमुक्त झाल्याचें जागतिक आरोग्य परिषदेनें जाहीर केलें. त्या पूर्वींच्या पिढींतील मंडळींच्या दंडावर टोचल्याचे वण अद्यापि दिसतात. कित्येक वडीलधारी माणसें तो वण दाखवून म्हणतात, “आम्हांला कांजिण्यांचें भय नाहीं.” ही समजूत चुकीची आहे. देवीचे जंतु निराळे व कांजिण्यांचे निराळे. एकाची लस दुसऱ्यावर चालत नाहीं.

हे दोन रोग एकच नव्हत, ही गोष्ट विल्यम हेबर्डेन ह्या इंग्रज वैद्यानें १७६७ सालीं स्पष्ट करून दाखविली. तोंपर्यंत कांजिण्या म्हणजे सौम्य देवीच असें पुष्कळांस वाटे. मौज अशी कीं, ज्यांना लोक एक समजत होते तीं दुखणीं दोन निघालीं. आणि ज्यांना आपण आजपर्यंत अगदीं भिन्न समजत आलों, त्या कांजिण्या व नागीण मात्र एकाच बीजाच्या दोन शाखा निघाल्या.

हा शोध एका दिवसांत लागला नाहीं. बुडापेस्ट येथील बोकाय नांवाच्या बालरोगतज्ज्ञाच्या लक्षांत १८८८ च्या सुमारास असें आलें कीं, घरांतील एखाद्या मोठ्या माणसास नागीण झाली म्हणजे कांहीं दिवसांनीं त्याच घरांतील मुलांस कांजिण्या येतात. लालबागच्या चाळींत जें घडलें तेंच त्यानें आपल्या गांवीं पाहिलें होतें. फरक इतकाच कीं, तो बोभाटा न करितां विचार करूं लागला. पुढें १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत टॉमस वेलर ह्यांनीं दोन्ही रोगांच्या फोडांतील विषाणु प्रयोगशाळेंत वाढवून ते एकच असल्याचें दाखविलें. मग प्रश्न उरला तो असा : एकच विषाणु एकदां सर्वांगावर व एकदां एकाच पट्ट्यांत कां उठतो? ह्याचा उलगडा करण्याचा मान सायरेन्सेस्टर ह्या लहानशा इंग्रजी गांवच्या होप-सिम्प्सन नामक साध्या डॉक्टरास मिळाला. त्याच्यापाशीं मोठी प्रयोगशाळा नव्हती. आपल्याकडे आलेल्या नागिणीच्या प्रत्येक रोग्याची नोंद त्यानें सोळा वर्षें नेटकेपणें ठेविली, आणि १९६५ सालीं तिच्यावरून आपलें अनुमान प्रसिद्ध केलें. नागिणीला ऋतु नाहीं, कांजिण्यांच्या साथीबरोबर ती वाढत नाहीं, मात्र माणसाच्या वयाबरोबर ती वाढत जाते, असें त्याला आढळलें. ह्यावरून त्यानें म्हटलें कीं, नागीण बाहेरून येत नसावी. ती आंतूनच उठत असावी. पुढील संशोधनानें त्याचें म्हणणें खरें ठरविलें. वहीची एक बाजू रोज नियमानें भरणें ह्यांत केवढें सामर्थ्य आहे, हें विद्यार्थ्यांनीं येथें ध्यानांत घ्यावें.

आतां त्या विषाणूचें चरित्र पाहूं. बालपणीं तो श्वासावाटे अथवा फोडांतील पाण्याच्या स्पर्शानें शरीरांत शिरतो. दहा ते एकवीस दिवस, बहुधा दोन आठवडे, कांहींच दिसत नाहीं. नंतर कांजिण्या उठतात. आठ-दहा दिवसांत खपल्या धरतात, मूल खेळूं लागतें, आणि आपण म्हणतों रोग गेला. वास्तविक तो जात नाहीं. विषाणु मज्जातंतूंच्या मुळाशीं, पाठीच्या कण्यालगत किंवा मस्तकांतील तंतूंच्या गांठींत, निजून राहतो. रक्तांतील संरक्षक शक्ति जागी असते तोंवर त्याची हालचाल होत नाहीं. परंतु वय झालें, किंवा मधुमेह, दीर्घ आजार, कर्करोगावरील औषधें अशा एखाद्या कारणानें ती शक्ति मंदावली, कीं तीस, चाळीस, प्रसंगीं साठ वर्षांनींही तो जागा होतो, आणि ज्या तंतूच्या मुळाशीं तो होता त्याच तंतूच्या वाटेनें त्वचेपर्यंत येतो. तीच नागीण.

पाठीच्या कण्यांतून तंतूंच्या एकतीस जोड्या निघतात व बहुतेक प्रत्येक तंतूकडे त्वचेचा एकेक पट्टा वांटून दिलेला असतो. एखाद्या चाळींत विजेच्या एकाच तारेंत बिघाड झाला म्हणजे त्या तारेवरील खोल्यांतलेच दिवे जातात, समोरच्या बाजूचे लखलखीत राहतात. तसाच हा प्रकार आहे. म्हणून नागीण शरीराच्या एकाच बाजूस, पट्ट्यासारखी उठते आणि मध्यरेषेपाशीं येऊन थांबते. नांवें देणाऱ्यांनीं हें रूप बरोबर हेरलें होतें. वैद्यकांत तिला जें ‘हर्पीस झोस्टर’ म्हणतात, त्यांतील झोस्टर ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ कमरपट्टा. आणि हर्पीस हा शब्द सरपटणें ह्या अर्थाच्या ग्रीक धातूपासून झाला असून तो धातु आपल्या ‘सर्प’ शब्दांतील संस्कृत धातूचा सगोत्र आहे. म्हणजे दूरच्या ग्रीकांना व आपल्या आजीबाईंना ह्या दुखण्यांत सरपटणारें कांहींतरी दिसलें.

हें समजलें म्हणजे दोहोंतील भेद ओळखणें कठीण नाहीं. आपल्या विद्यार्थ्यांनीं पुढील चार प्रश्न मनाशीं विचारावे.

पहिला प्रश्न : फोड कोठें आहेत? कांजिण्या चेहरा, छाती, पोट, पाठ अशा सर्व अंगभर, दोन्ही बाजूंस विखुरलेल्या असतात. डोक्याच्या केसांत व तोंडाच्या आंतही त्या सांपडतात. नागीण एकाच बाजूस, बहुधा छाती-कमरेच्या पट्ट्यांत किंवा चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर, घोसाघोसांनीं उठते.

दुसरा प्रश्न : खाज कीं आग? कांजिण्यांत थोडा ताप व पुष्कळ खाज असते. नागिणींत वेदना प्रधान असते. फोड दिसण्यापूर्वीं दोन-चार दिवस तेथील कातडी जळते, टोचते, कपड्याचा स्पर्शही सोसत नाहीं. त्या दिवसांत ही वेदना छातींत असल्यास हृदयविकाराचा, पोटांत असल्यास मूतखड्याचा भ्रम होतो.

तिसरा प्रश्न : फोड एका वयाचे आहेत कीं निरनिराळ्या? कांजिण्या तीन-चार दिवस लाटालाटांनीं येत राहतात. त्यामुळें लाल ठिपका, पुळी, पाण्यानें भरलेला फोड व खपली हीं सर्व एकाच वेळीं शेजारीं शेजारीं दिसतात. गुलाबाच्या पाकळीवर दंवाचा थेंब असावा तसा हा फोड दिसतो, असें डॉक्टर लोक वर्णन करतात. देवीचे फोड मात्र एका भागावर सर्व एकाच अवस्थेंतले, खोल, व हातापायांवर दाट असत. नागिणीचे फोड लाल झालेल्या कातडीवर दाटीनें बसतात, आठ-दहा दिवसांत सुकतात, व पूर्ण बरें होण्यास दोन ते चार आठवडे लागतात.

चवथा प्रश्न : रोगी कोण, आणि पूर्वीं काय झालें होतें? ज्याला कांजिण्या कधींच आल्या नाहींत त्याला नागीण व्हावयाची नाहीं. कारण जें बीज पेरलेंच नाहीं तें उगवणार कोठून? कांजिण्या बहुधा मुलांच्या, नागीण बहुधा पन्नाशीपुढील माणसांची. परंतु हा नियम अपवादरहित नाहीं. आमच्यासारख्या उष्ण प्रदेशांत पुष्कळ माणसें बालपणीं कांजिण्यांतून सुटतात व तरुणपणीं त्यांत सांपडतात. आणि मोठ्या वयांत त्या अधिक कडक येऊन फुप्फुसालाही सूज आणूं शकतात.

आतां संसर्गाची गोष्ट, जेथें आम्ही चुकलों. नागिणीच्या रोग्यापासून दुसऱ्याला नागीण होत नाहीं, हें खरें. परंतु त्या फोडांतील पाण्यांत तोच जिवंत विषाणु असतो. म्हणून ज्याला कांजिण्या आल्या नाहींत व ज्यानें लसही घेतली नाहीं, अशानें ते उघडे फोड हाताळले तर त्याला कांजिण्या येऊं शकतात. त्या मुलाला आजीची नागीण लागली नव्हती. आजीच्या नागिणीपासून त्याला कांजिण्या आल्या होत्या. फोड स्वच्छ कापडानें झांकले असते, लेप लावण्याचें काम ज्याला पूर्वीं कांजिण्या येऊन गेल्या आहेत अशा कोणी केलें असतें, व हात साबणानें धुतले असते, तर हें बहुधा टळलें असतें. कांजिण्यांचा संसर्ग ह्याहून पुष्कळच तीव्र. त्या हवेंतूनही पसरतात, फोड दिसण्यापूर्वीं एक-दोन दिवस लागूं शकतात, आणि एका खोलींत राहणाऱ्या, पूर्वीं न झालेल्या दहा माणसांपैकीं नऊ जण त्यांत सांपडूं शकतात. दहा बाय बाराच्या खोलींत सात माणसें राहतात अशा गिरगांव-परळच्या चाळींत ह्याचा अर्थ काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

लालबागच्या त्या घरांत खरी भीति ह्याच्याही पलीकडची होती. मुलाची काकू गरोदर होती. तिला पांचवा महिना लागला होता. गर्भारपणीं कांजिण्या आल्या तर आईच्या जिवाला धोका असतो, क्वचित् गर्भालाही इजा होते. आणि प्रसूतीच्या सुमारास आल्या तर नवजात बालकाच्या जिवावर बेततें. मुलाच्या वडिलांनीं हें आम्हांस सांगितलें त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. दुसऱ्याच दिवशीं तिला इस्पितळांत नेऊन रक्त तपासविलें. दोन दिवसांनीं अहवाल आला कीं, तिच्या रक्तांत कांजिण्यांविरुद्धचीं संरक्षक द्रव्यें आहेत. लहानपणीं गांवीं त्या येऊन गेल्या होत्या, पण कोणाच्या ध्यानांत राहिलें नव्हतें. त्या दोन दिवसांत आमच्या अर्ध्या उत्तराचें वजन आम्हांस पुरतें कळलें.

उपचाराविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कांजिण्या आलेल्या निरोगी मुलास बहुधा विश्रांति, पाणी, कापलेलीं नखें, रोजचें कोमट पाण्याचें स्नान व खाज शमविणारें औषध एवढें पुरतें. आंघोळ घालूं नये ही समजूत खरी नाहीं. घामट अंगावरील खाजविलेले फोड पिकतात व वण उरतात. तापासाठीं ॲस्पिरिन मुलांस कधींही देऊं नये. त्यामुळें मेंदूस व यकृतास घातक असा विकार होऊं शकतो. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारणतः आठवडाभर, मुलानें शाळेंत येऊं नये, मग परीक्षा असो वा नसो. परीक्षा पुन्हां घेतां येते. मात्र श्वास लागणें, मान ताठरणें, झांपड येणें, वा ताप न उतरणें ह्यांपैकीं कांहीं दिसल्यास क्षणाचाही विलंब लावूं नये.

नागिणीच्या बाबतींत काळ हेंच मोठें औषध आहे. विषाणूची वाढ रोखणाऱ्या गोळ्या आज मिळतात. परंतु त्या फोड उठल्यापासून बहात्तर तासांच्या आंत सुरू केल्या तर अधिक गुण येतो. हेच तीन दिवस आपल्याकडे गेरूचा लेप, मंत्र व उतारा ह्यांत निघून जातात. फोड आपोआप सुकतात व श्रेय मांत्रिकाला मिळतें. पण त्यानंतर कित्येक वृद्धांच्या अंगांत महिनोन्‌महिने, कधीं वर्षानुवर्षें, जी जळजळीत वेदना उरते, तिचा जाब कोणी मांत्रिकाला विचारीत नाहीं. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळा धोक्यांत आहे असें समजावें व त्याच दिवशीं नेत्रवैद्य गांठावा. कानांत फोड येऊन तोंड एका बाजूस वांकडें होऊं लागलें तरी तोच नियम.

नागिणीचें तोंड व शेपूट कमरेभोंवतीं मिळालें कीं माणूस मरतो, ही समजूत गिरगांवपासून कोंकणापर्यंत सर्वत्र आहे. वर सांगितल्याप्रमाणें नागीण मध्यरेषा बहुधा ओलांडीतच नाहीं. म्हणून असें वेटोळें क्वचितच दिसतें. दिसलेंच तर त्यानें माणूस मरत नाहीं. पण रोग्याची संरक्षक शक्ति फारच क्षीण झाली असावी अशी ती सूचना असते, आणि त्याला तत्काळ इस्पितळांत न्यावें. जुन्या समजुती आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. माहीमच्या शीतळादेवीला नवस करणाऱ्या आयांनीं अंगावर फोड आलेल्या मुलाला वेगळें निजविण्याची, पाहुण्यांना दाराबाहेरच थांबविण्याची व कडुलिंबाचा पाला उशाशीं ठेवण्याची चाल पाळली. मुलाला वेगळें ठेवणें हें आजचें शास्त्रही सांगतें. भक्ति कोणाची कोणावर असो, वेळ मात्र वांयां जाऊं नये, एवढेंच आमचें सांगणें.

शेवटीं प्रतिबंधाविषयीं. जपानांतील ताकाहाशी ह्या शास्त्रज्ञाच्या मुलास १९६४ सालीं कडक कांजिण्या आल्या. त्या मुलाचे हाल पाहून पित्यानें लस शोधण्याचा निश्चय केला व १९७४ सालीं ती सिद्ध केली. आज ती आपल्या शहरांतही मिळते. मुलांना तिच्या दोन मात्रा देतात. सरकारच्या नित्य लसीकरणांत तिचा समावेश नसल्यामुळें ती बहुधा विकत घ्यावी लागते, आणि गरिबाच्या घरीं तेथेंच गाडें अडतें. ती जिवंत विषाणूची लस असल्यामुळें गर्भवतींस देत नाहींत. नागिणीवरील नवी लस २०२३ पासून भारतांत मिळूं लागली असून ती पन्नाशीपुढील माणसांसाठीं आहे. ह्यांविषयीं आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. परळचें केईएम व चिंचपोकळीचें कस्तुरबा हीं इस्पितळें आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरापासून दूर नाहींत. आणि कस्तुरबा तर संसर्गजन्य रोगांसाठींच आहे.

आमचा तो विद्यार्थी पंधरा दिवसांनीं परत आला. कपाळावर दोन-तीन वण होते. पहिल्या दिवशीं त्याच्या बांकावर कोणी बसेना. तेव्हां आम्हीं वर्गापुढें आपली चूक कबूल केली व वरील सर्व हकीकत फळ्यावर आंकृति काढून सांगितली. तास संपण्यापूर्वीं त्याचा जुना शेजारी आपलें दप्तर घेऊन त्याच्याजवळ येऊन बसला. मग त्या मुलानें हळूच विचारलें, “सर, म्हणजे मी आजीला हात लावला ही माझी चूक झाली का?” आम्हीं म्हटलें, “नाहीं बाळ. सेवा केलीस ही चूक नव्हे. कशी करावी हें आम्हीं तुला सांगितलें नाहीं, ही आमची चूक.” आजी आतां बरी आहे, कमरेंत अधूनमधून कळ येते, असें तो सांगतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आजी-आजोबा आहेत. त्यांच्या अंगाची एका बाजूस आग होऊं लागली व फोड दिसले तर ते झांका, हात धुवा, आणि तीन दिवसांच्या आंत त्यांना डॉक्टरांकडे न्या. घरांत कोणी गर्भवती किंवा तान्हें मूल असल्यास तेंही डॉक्टरांस सांगा. आणि आज घरीं गेल्यावर आईला एवढें विचारून ठेवा कीं, मला कांजिण्या येऊन गेल्या आहेत काय? ह्या प्रश्नाचें उत्तर वेळेवर ठाऊक असतें, तर लालबागच्या त्या घरांतील दोन दिवसांची काळजी वांचली असती.